पर्यावरणस्नेही संकेतस्थळ : रचना आणि व्यवहार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की विश्वस्तांच्या सभेत दोन ठराव हमखास येतात. एक स्मरणिकेचा आणि दुसरा संकेतस्थळाचा. स्मरणिकेच्या ठरावावर भरपूर चर्चा होते. कागद कोणता, पाने किती, जाहिरातीचा दर काय, छपाई कोणाकडे द्यायची, हे सारे काटेकोरपणे ठरते. संकेतस्थळाचा ठराव मात्र चहा येण्यापूर्वीच मंजूर होतो. त्याला कागद लागत नाही, शाई लागत नाही, गोदामात गठ्ठे पडून राहत नाहीत. तेव्हा ते आपोआपच पर्यावरणाला पूरक असणार, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीचा थोडा हिशेब मांडणे हा प्रस्तुत विषयाचा हेतू आहे.

संकेतस्थळ हवेत नसते. ते कुठल्या तरी इमारतीतील संगणकावर साठवलेले असते आणि तो संगणक रात्रंदिवस, सणवार न पाळता चालू असतो. अशा हजारो संगणकांच्या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. भारतातील डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. तेथे संगणकांना वीज लागते आणि ते तापतात म्हणून त्यांना थंड ठेवण्यासाठी आणखी वीज, अनेक ठिकाणी पाणीही लागते. जगभरातील डेटा सेंटरनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वीजवापराच्या सुमारे दीड टक्का, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. भारतात सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून तयार होते. त्यामुळे येथे एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोल्हापुरात बसून एखादे पान उघडणाऱ्या माणसाला हा धूर दिसत नाही, एवढेच.

मात्र येथे प्रमाणाचे भान सुटता कामा नये. एखाद्या ट्रस्टच्या छोट्या संकेतस्थळाला लागणारी वीज फार मोठी नसते. महोत्सवाच्या निमित्ताने चौकाचौकांत उभ्या राहणाऱ्या फ्लेक्स फलकांचे प्लॅस्टिक त्याहून कितीतरी जड भरेल, आणि ज्या संस्थेला पर्यावरणाची खरी काळजी आहे तिने आधी फलकांची संख्या मोजावी. मग संकेतस्थळाचा विचार कशासाठी करायचा? त्याचे उत्तर डेटा सेंटरपेक्षा वाचकाच्या खिशात अधिक सापडते. मोबाइल संचामुळे होणाऱ्या एकूण प्रदूषणाचा मोठा भाग तो वापरताना होत नाही, तो संच कारखान्यात तयार होतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून एक संच जितकी अधिक वर्षे चालेल तितके चांगले. परंतु संकेतस्थळे जसजशी जड होतात, तसतसा पाच-सहा वर्षांचा जुना संच अडखळू लागतो आणि 'फोन आता चालत नाही' म्हणून नवा घेतला जातो. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी रीतसर पुनर्वापराच्या मार्गाला लागला तो जेमतेम २२ टक्के. ज्या आजोबांचा फोन नातवाने वापरून टाकलेला असतो, त्यांना आपल्या संस्थेचे पान उघडता येते की नाही, ही पर्यावरणाचीही कसोटी आहे आणि सौजन्याचीही.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण शोधण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. ते कोल्हापूर जिल्ह्यातच, पन्हाळा तालुक्यात वारणानगरला घडले आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ साली केंद्र आणि राज्य शासनाच्या साहाय्याने 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक केंद्रे उभी करायची, ती साखर कारखान्याशी जोडायची आणि शेतकऱ्याला शेती, आरोग्य, शिक्षण, बाजारभाव, शासकीय योजना अशी सर्व माहिती गावातच मिळवून द्यायची, असा तो भव्य संकल्प होता. त्या काळात देशभर त्याची वाखाणणी झाली आणि ते योग्यही होते. संगणक म्हणजे शहरातील कचेरीची वस्तू, असे समजण्याच्या त्या दिवसांत उसाच्या पट्ट्यातील गावांत संगणक पोहोचले, ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे काही वर्षांनी बेंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर कसा होतो हे जवळून पाहिले. आढळले ते असे की, शेतकरी केंद्रावर येत होता तो मोजक्याच कामांसाठी. आपल्या उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, बिल किती निघाले, ही माहिती त्याला हवी होती. ऊस पिकवणाऱ्या घराला काट्याच्या पावतीवरील आकड्याचे महत्त्व सांगायला नको. त्या आकड्यावर मुलाची फी आणि सोसायटीचे कर्ज अवलंबून असते. म्हणजे मागणी होती चार ओळींची, आणि त्या चार ओळींसाठी प्रत्येक केंद्रात एक संपूर्ण संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती, ते चालवणारा माणूस आणि केंद्राची ठरलेली वेळ, एवढा संसार मांडावा लागत होता.

अभ्यासकांनी मग एक साधा प्रयोग केला. गावातील संगणकाऐवजी शेतकऱ्याचा साधा मोबाइल आणि त्यावरील लघुसंदेश. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा आणि कारखान्याकडील संगणकाने त्याला आकडे पाठवायचे. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणक केंद्रातून होणारी सर्व कामे लघुसंदेशाने झाली, खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनी जुन्या पद्धतीपेक्षा नव्या पद्धतीला अधिक पसंती दिली. हा प्रयोग 'वारणा अनवायर्ड' या नावाने संगणकशास्त्राच्या जगात अभ्यासला जातो. गंमत अशी की, कोल्हापुरातील फार थोड्या लोकांना तो माहीत आहे.

त्या प्रयोगाचा हेतू पर्यावरण हा नव्हता, खर्च आणि सोय हा होता. तरीही पर्यावरणस्नेही संकेतस्थळाचे सारे शास्त्र त्यात आले आहे. वाचकाला काय हवे आहे ते आधी विचारावे. ट्रस्टच्या संकेतस्थळावर येणारा माणूस बहुधा यात्रेकरू असतो, विद्यार्थी असतो किंवा देणगीदार असतो. यात्रेकरूला धर्मशाळेत खोली मिळेल का आणि भोजनशाळेची वेळ काय, हे हवे असते. विद्यार्थ्याला वसतिगृहाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि त्याची अंतिम तारीख हवी असते. देणगीदाराला बँक खात्याचा तपशील आणि पावतीची व्यवस्था हवी असते. प्रत्यक्षात त्याच्यासमोर प्रथम काय येते? सरकणारी पाच मोठी छायाचित्रे, आपोआप सुरू होणारी चित्रफीत आणि अध्यक्षांचे मनोगत. खोलीसाठीचा दूरध्वनी क्रमांक मात्र तळाशी, बारीक अक्षरात असतो.

आता वजनाचा हिशेब पाहू. युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे इंग्रजीच्या तिप्पट. तरीही या स्मरणिकेतील दोन हजार शब्दांचा एक लेख सुमारे ३५ किलोबाइटमध्ये बसतो आणि पाठवताना त्याचे संपीडन केले की त्याच्या चौथाईच्या आसपास येतो. याउलट मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सहज चार मेगाबाइटचे असते. म्हणजे एका छायाचित्राच्या वजनात अशा शंभराहून अधिक लेखांचा मजकूर मावतो! ते छायाचित्र चार हजार बिंदू रुंद असते आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलचा पडदा हजार-अकराशे बिंदूंचा. उरलेले बिंदू प्रवास करून येतात, वीज खातात आणि कोणालाही दिसत नाहीत. तेच छायाचित्र बाराशे बिंदूंपर्यंत लहान करून वेबपी किंवा जेपेग स्वरूपात नीट जतन केले तर शे-दीडशे किलोबाइटमध्ये येते आणि डोळ्यांना फरक कळत नाही. या कामाला संगणक अभियंता लागत नाही. कार्यालयातील मुलगा दहा मिनिटांत शिकतो.

पान उघडताच णमोकार मंत्र सुरू होण्याची एक प्रथा अनेक संकेतस्थळांवर रुळली होती आणि काही ठिकाणी अजून दिसते. भावना चांगली आहे. परंतु पाच मिनिटांची साधी ध्वनिफीत पावणेपाच मेगाबाइटच्या पुढे जाते. एस.टी.त किंवा कचेरीत बसलेला माणूस दचकून तो आवाज लगेच बंद करतो आणि बहुतेक वेळा पानही बंद करतो. मंत्र अवश्य ठेवावा, पण ज्याला ऐकायचा आहे त्याने कळ दाबल्यावर तो सुरू व्हावा. मंत्राचा मानही त्यातच राखला जातो. चित्रफितीलाही हाच नियम लावावा.

समाजातील व्हॉट्सॲप गटांचाही उल्लेख येथे करायला हवा, कारण संकेतस्थळापेक्षा अधिक भार प्रत्यक्षात तेथे पडतो. महोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेची तीन मेगाबाइटची प्रतिमा पाचशे सदस्यांच्या एका गटात टाकली की दीड गिगाबाइटची वाहतूक होते आणि पाचशे फोनांत तिची प्रत साठून राहते. तीच पत्रिका दहा गटांत फिरते, त्यात तेच लोक पुन्हा असतात. निमंत्रणाचा मजकूर अक्षरांत लिहून त्याखाली संकेतस्थळाचा दुवा दिला तर तो संदेश दोन किलोबाइटचाही होत नाही. शिवाय अक्षरातील पत्ता नकाशात शोधता येतो, प्रतिमेतला येत नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती हे एक गुणव्रत आहे. ज्या कृतीतून काही साधत नाही पण जीवांना पीडा मात्र होते, ती टाळावी, असा त्याचा आशय. विनाकारण जमीन उकरणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे यांची गणना त्यातील प्रमादचर्येत होते. वीज सचित्त की अचित्त हा वाद जुना आहे आणि त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. वीज तयार होताना कोळसा जळतो आणि पाणी तापते, एवढे पुरे. कोणी न पाहिलेले छायाचित्र, कोणी न ऐकलेली ध्वनिफीत आणि कोणी न उघडलेली प्रत यांना अनर्थदंडाच्या यादीत जागा द्यायला शास्त्रकारांची हरकत नसावी.

हलक्या संकेतस्थळाचा खरा उपयोग संकटात कळतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापूर या सभागृहातील कोणीही विसरलेले नाही. राजाराम बंधाऱ्यावरील धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. अनेक भागांत वीज नव्हती, मोबाइलचे जाळे क्षीण झाले होते आणि जो तो फोनमधील उरलेले चार्जिंग जपून वापरत होता. अशा वेळी निवारा कोठे आहे, जेवणाची सोय कोठे आहे आणि कोणाला फोन करायचा, एवढेच हवे असते. क्षीण जाळ्यातून सेकंदाला ५० किलोबिट येत आहेत असे धरले, तर तीन मेगाबाइटचे मुखपृष्ठ उघडायला आठ मिनिटे लागतात आणि ५० किलोबाइटचे पान आठ सेकंदांत उघडते. पुराच्या पाण्यात अडकलेल्या कुटुंबासाठी आठ मिनिटे आणि आठ सेकंद यांतील अंतर काय असते, ते कोल्हापूरकरांना समजावून सांगावे लागत नाही. ज्या ट्रस्टकडे सभागृह आहे, भोजनशाळा आहे, त्याने आपल्या संकेतस्थळाचे एक पान केवळ अक्षरांचे, विनाचित्र, कायम तयार ठेवावे.

रचनेविषयी दोन गोष्टी आणखी. बहुतेक छोट्या संस्थांची संकेतस्थळे अशा प्रणालीवर बांधलेली असतात की, वाचक आला की माहितीसाठ्यातून तुकडे गोळा करून पान नव्याने जुळवले जाते. वर्षातून चार वेळा बदलणाऱ्या मजकुरासाठी हा रोजचा खटाटोप अनावश्यक आहे. तयार पाने एकदा करून ठेवावीत आणि जशीच्या तशी वाचकाला द्यावीत. यंत्राचे काम कमी होते, आणि देखभालीविना पडलेल्या प्रणालीत भामटे शिरतात तो धोकाही कमी होतो. अक्षरांसाठी वेगळा फॉन्ट पाठवण्याचा मोहही आवरावा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट शंभर-दोनशे किलोबाइटचा होतो आणि प्रत्येक मोबाइलमध्ये वाचनीय देवनागरी आधीपासून असतेच.

मंदिराच्या किंवा वसतिगृहाच्या छतावर सौर पॅनेल आहेत, तर आपलाच संगणक ठेवून संकेतस्थळ का चालवू नये, असा प्रश्न उत्साही तरुण विचारतात. बार्सिलोनातील 'लो-टेक मॅगझिन' या नियतकालिकाने २०१८ पासून हे करून दाखवले आहे. सज्जात एक सौर पॅनेल, एक बॅटरी आणि तळहाताएवढा संगणक. सलग ढगाळ दिवस आले की संकेतस्थळ बंद पडते आणि त्याची कल्पना वाचकाला आधीच दिलेली असते. प्रयोग म्हणून तो सुंदर आहे. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात मात्र असे संकेतस्थळ नेमके पुराच्या दिवसांत झोपी जाईल. कार्यालयातील जुना संगणक यासाठी जुंपणे तर मुळीच हिताचे नाही. शंभर वॅटचा संगणक अहोरात्र चालला तर वर्षाला ८७६ युनिट वीज लागते, म्हणजे सहाशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड. डेटा सेंटरमध्ये तेवढ्याच यंत्रावर शेकडो छोटी संकेतस्थळे एकत्र नांदतात. तेव्हा छतावरील वीज वसतिगृहाच्या पंपाला आणि दिव्यांना वापरावी आणि संकेतस्थळासाठी चांगली होस्टिंग कंपनी निवडावी. कंपनी निवडताना ती अक्षय ऊर्जेचा करार लेखी दाखवते का, हे विचारावे. नेदरलँड्समधील ग्रीन वेब फाउंडेशन ही संस्था अशा कंपन्यांची पडताळलेली सूची ठेवते. ज्या कंपनीच्या पानावर केवळ हिरवे पान काढलेले आहे आणि तपशील नाही, तिच्याविषयी शंका घ्यावी.

टिकाऊपणाचा मुद्दा पर्यावरणाच्या चर्चेत सहसा येत नाही, पण ग्रंथ जपणाऱ्या समाजाला तो सहज पटेल. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत असताना डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी प्राकृत ग्रंथांची जी संपादने केली, ती शतकांपूर्वीच्या हस्तलिखितांवरून केली. त्या हस्तलिखितांना वाचण्यासाठी डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरत होते. संगणकावरील मराठीचा अनुभव याच्या उलट आहे. २००० च्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे ज्या खास फॉन्टांत लिहिली गेली, ते फॉन्ट आज फोनात नाहीत आणि तो मजकूर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. २००९ साली याहूने जिओसिटीज ही मोफत सेवा जपानखेरीज सर्वत्र बंद केली तेव्हा लोकांनी हौसेने केलेली असंख्य पाने एका फटक्यात महाजालावरून दिसेनाशी झाली. आणि सर्न येथे तयार झालेले जगातील पहिले संकेतपान, केवळ अक्षरांचे असल्यामुळे, आजच्या कोणत्याही फोनवर उघडते. पुन्हा पुन्हा नव्याने बांधावे लागणारे संकेतस्थळ कितीही आकर्षक असले तरी ते उधळपट्टीचेच.

म्हणून जुन्या स्मरणिका आणि मासिकांचे अंक चढवताना शंभर पानांची रंगीत प्रतिमा-प्रत एकाच धारिकेत टाकू नये. ती शंभर मेगाबाइटच्या पुढे जाते आणि शोध घेण्यास निरुपयोगी ठरते. अनुक्रमणिका युनिकोडमध्ये टंकलिखित करावी, लेख वेगवेगळे ठेवावेत, कृष्णधवल पानांची प्रत कृष्णधवलच काढावी आणि प्रत्येक दुव्यापुढे त्याचे वजन लिहावे, म्हणजे मोजका डेटा असणारा वाचक आधीच ठरवू शकेल. महत्त्वाचे लेख संपूर्ण टंकलिखित करून घेता आले तर उत्तमच. वसतिगृहातील विद्यार्थ्यांना सुट्टीत हे काम मानधन देऊन सोपवता येते.

राहता राहिला व्यवहार. संकेतस्थळाचे उद्घाटन थाटात होते आणि तीन वर्षांनी त्याचे कोणी नाव काढत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ३१ मार्चला हिशेब बंद होतात, त्याच सुमारास एका विश्वस्ताने आणि एका तरुण कार्यकर्त्याने बसून संकेतस्थळाचीही तपासणी करावी. मुदत संपलेले अर्ज आणि जुने निमंत्रण काढून टाकावे. मुखपृष्ठाचे वजन पाहावे. २०२४ साली मोबाइलवरील सर्वसाधारण मुखपृष्ठ सुमारे २.३ मेगाबाइटचे होते. ट्रस्टचे मुखपृष्ठ अर्ध्या मेगाबाइटच्या आत राहायला काहीच अडचण नाही. महिन्याला दहा हजार वेळा उघडणारे पान तीन मेगाबाइटवरून तीनशे किलोबाइटवर आले तर तीस गिगाबाइटची वाहतूक तीनवर येते आणि होस्टिंगची स्वस्त योजनाही पुरते. कार्यालयातील बाद झालेले संगणक आणि फोन भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत त्याची व्यवस्था आहे. आणि संकेतस्थळाचे नाव ट्रस्टच्या नावावर नोंदलेले आहे, ज्याने ते बांधून दिले त्याच्या किंवा कोणा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नावावर नाही, याची खात्री करून त्याचा परवलीचा शब्द आणि नूतनीकरणाची तारीख खरेदीखतांच्या शेजारी, ट्रस्टच्या तिजोरीत ठेवावी.